बंद पडून असलेल्या झेनचा धूर

पीयूसीच्या मशीनवर कार्बन मोनॉक्साइड 3.4 टक्के आला. आमच्या झेनला मर्यादा 0.5 ची. गाडी 2006 ची, म्हणजे भारत स्टेज 2 हे प्रदूषणाचे नियम देशभर लागू झाल्यानंतरची. त्याआधीच्या जुन्या पेट्रोल गाड्यांना 3 टक्के आणि हायड्रोकार्बनला 1500 पीपीएमपर्यंत सूट असते, आम्हाला 0.5 आणि 750. शेजारचे काका ‘तीनपर्यंत चालतं’ असं छातीठोकपणे सांगत होते, ते त्यांच्या 1998 च्या गाडीच्या हिशेबानं. अर्थात आमची गाडी त्या सवलतीतही बसली नसतीच.

पीयूसीवाल्या मुलानं नळी काढली आणि म्हणाला, ‘‘ताई, कॅट गेला. नवा टाका नाहीतर काढून टाका.’’ कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू जाळणारा, सायलेन्सरच्या आधीचा डबा. मला मात्र त्याच पडद्यावरचे बाकीचे आकडे खटकले. हायड्रोकार्बन 610, म्हणजे मर्यादेच्या आत. आणि ऑक्सिजन तब्बल 5.8 टक्के. कोणी हे आकडे वाचत नाही, कारण पास-नापास ठरतं ते कार्बन मोनॉक्साइडवर आणि हायड्रोकार्बनवर. मी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून घेतला. पुढचं सगळं त्या फोटोवरून सुरू झालं.

आता गाडीबद्दल. बाबांची ही झेन, 993 सीसीची, चार सिलिंडरची. 2021 मध्ये तिची पंधरा वर्षं भरली तेव्हा बाबांनी आरटीओत जाऊन तिचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवून आणलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली. गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच. नागपूरचे उन्हाळे तिनं तिथंच काढले. मेअखेरच्या नवतपात त्या पत्र्याखाली हात लावू नये इतकं सगळं तापायचं. शिवाय आमचं घर अंबाझरी लेआउटमध्ये, वरच्या अंगाला. 22 सप्टेंबर 2023 च्या रात्री काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि पहाटेपर्यंत खालच्या गल्ल्यांत घरांमध्ये पाणी शिरलं. आमच्याकडे पाणी ओट्यावर आलं नाही, अंगणात मात्र वीतभर उभं राहिलं. ओसरल्यावर टायरवर गाळाची रेघ राहिली होती. त्या गडबडीत गाडीकडे पाहायला कोणाला सवड नव्हती, आणि टायर धुतल्यावर ती रेघही गेली.

गेल्या हिवाळ्यात गाडी चालू करायची ठरली. सुरू करण्याआधीची तयारी थोडक्यात सांगते, कारण त्यात विशेष काही नाही. बॅटरी नवी. टाकीतलं पेट्रोल काढलं. त्याचा नेहमीचा झणझणीत वास गेला होता, रंग चहासारखा झाला होता आणि कॅनच्या तळाला पाण्याचा वेगळा थर दिसत होता. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा धरतं आणि ओलावा फार झाला की पाण्यासकट खाली बसतं. पेट्रोल फिल्टर बदलला, ऑइल बदललं. चारही स्पार्क प्लग काढून भोकांत चमचा-चमचा ऑइल सोडलं, रात्रभर ठेवलं आणि सकाळी इंजिन पान्यानं हातानं फिरवून पाहिलं. मोकळं फिरलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं घर केलं होतं, कापूस आणि शेंगदाण्याची टरफलं. त्यामुळे सायलेन्सरच्या तोंडातही टॉर्च मारून पाहिलं. कुंभारमाशीनं कडेला मातीची एक कोठडी बांधली होती, ती स्क्रूड्रायव्हरनं पाडली. गाडी पत्र्याखालून ढकलत उघड्यावर आणली. हे मात्र कोणी टाळू नये: बंद जागेत जुनं इंजिन सुरू करायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गाडी सुरू झाली तेव्हा सायलेन्सरमधून आधी तांबूस पाणी उडालं, मागोमाग गंजाच्या पापड्या, आणि मग पांढऱ्या धुराचा लोट. आवाज असा की बाबा खिडकीतून म्हणाले, ‘‘ट्रॅक्टर आणलास का?’’

यानंतर गल्लीतल्या प्रत्येकानं निदान केलं. हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं, कूलंट आत येऊ न देणारं पॅकिंग) गेलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन ‘बोअर’ करावं लागेल. माझं मत असं की बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या पहिल्या अर्ध्या तासातल्या धुरावरून काहीही ठरवू नये. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, तेही वाफेच्या रूपात आणि याच नळीतून बाहेर पडतं. डिसेंबरच्या सकाळी, थंडगार लोखंडातून जाताना त्याचा पांढरा लोट दिसणारच. तो वाफेचा आहे की कूलंटचा, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. वाफ दोन-चार फुटांवर विरते आणि तिला वास नसतो. कूलंट जळत असेल तर धूर लोंबकळत राहतो, गोडसर वास येतो आणि इंजिन तापल्यावरही थांबत नाही. आमचा लोट इंजिन तापल्यावर विरळ झाला आणि कूलंटच्या बाटलीतली पातळी खुणेवरच राहिली. हेड गॅस्केटचा विषय तिथं संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करताना निळसर धुराचा एक भपका आला आणि गेला. निळा म्हणजे ऑइल. व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सीलं वापराविना कडक होतात, रात्रभरात थेंब-थेंब ऑइल खाली झिरपतं आणि पहिल्याच स्फोटात जळून जातं. रिंगांचा दोष असता तर धूर चालताना, जोर दिल्यावरही आला असता. तो भपका मी बाजूला ठेवला.

राहिलं ते काळं. गाडी जागेवर उभी असताना आरपीएम वर-खाली व्हायचा, डोळे चुरचुरायचे आणि मागची फरशी काजळीनं काळी व्हायची. शिवाय ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडीला दम नव्हता. थर्ड पार्टी विमा काढला (1000 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला तेव्हा 2,094 रुपये, वर जीएसटी) आणि जवळच्याच पीयूसी केंद्रावर नेली. तिथं काय झालं ते सांगितलंच.

परतताना एका सायलेन्सरवाल्याकडे थांबले. त्यानं गाडीखाली वाकूनही पाहिलं नाही. म्हणाला, कॅट काढून सरळ पाइप टाकून देतो, पैसे नाममात्र, जुना कॅट मात्र तो ठेवून घेणार. यातली मेख ठाऊक असलेली बरी. कॅटच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो. गाडीच्या मालकाला मात्र मिळतो मोठा आवाज आणि कायमची नापास पीयूसी. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की लोकांना तो दुरुस्तीचाच एक प्रकार वाटतो.

घरी येऊन फोटोतले आकडे पुन्हा पाहिले. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, इंजिन नाही. पण दोन मोजमापं एकमेकांशी भांडत असतील तर आधी मोजमापांवर संशय घ्यायचा एवढं कळतं. मिश्रणात पेट्रोल जास्त आहे म्हणून कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल, तर ऑक्सिजन संपलेला असायला हवा. एक टक्क्याच्याही खाली. इथं दोन्ही भरपूर. एखादा सिलिंडर जळतच नसेल तर न वापरलेला ऑक्सिजन बाहेर येतो, पण मग न जळलेलं पेट्रोलही येतं आणि हायड्रोकार्बन हजाराच्या पलीकडे जातो. आमचा 610 होता. उरली एकच शक्यता: जळून झाल्यावर, एक्झॉस्टच्या वाटेत कुठंतरी बाहेरची हवा घुसत होती.

पीयूसीवाल्याचं बोलणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं हेही सांगायला हवं. कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन एकत्र आले तर चांगला कॅट ते जाळून टाकतो. पण त्यासाठी तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापलेला लागतो. आमची गाडी दोन गल्ल्या सोडून आलेली, त्यात रांगेत पंधरा-वीस मिनिटं नुसती पुटपुटत उभी. कॅट थंड होता. थंड कॅट आणि मेलेला कॅट यात मशीनला फरक कळत नाही.

बाबांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, आता दुकान मुलाकडे दिलंय, घरी येऊन काम करतात. फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाले, ‘‘गाडी सुरू नोका करू. मी येतो तेव्हा थंडीच पाह्यजे.’’ सकाळी आले, बॉनेट उघडलं, चहा नको म्हणाले आणि मला किल्ली फिरवायला लावली. सुरू होताच इंजिनच्या मागच्या बाजूनं बारीक टिकटिक ऐकू आली. आरपीएमसोबत वाढणारी, कमी होणारी.

‘‘हे ऐकून राहिल्या ना? आता थांबा जरा.’’

चार-पाच मिनिटांत टिकटिक विरली. मला वाटलं व्हॉल्व्ह दाबणारं टॅपेट असेल, ऑइल पोचलं की शांत झालं. मिस्त्रींनी मान हलवली. ‘‘टॅपेट नाही जी. मॅनिफोल्ड हाय. लोखंड तापलं का फुगते, फट बारीक होते. म्हणून गरम गाडीत कोणाले सापडत नाही.’’ मॅनिफोल्ड म्हणजे चारही सिलिंडरांचा धूर एका नळीत गोळा करणारा लोखंडी भाग. त्यांनी त्याच्यावरचं पत्र्याचं कव्हर काढलं. इंजिनाला मॅनिफोल्ड जिथं बसतं तिथं, शेवटच्या सिलिंडरपाशी, बोटभर लांबीचा काळा-राखाडी ओघळ होता. वायू बाहेर पडल्याची काजळी. एक नट हातानंही हलत होता.

मी म्हटलं, इथून वायू बाहेर येतोय हे दिसतंय, पण हवा आत कशी जाईल? यावर मिस्त्रींकडे उत्तर होतं, त्यांच्या भाषेत: ‘‘एक फुक, एक ओढ.’’ एक्झॉस्टमधला दाब सतत सारखा नसतो. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट जाते आणि तिच्या मागे क्षणभर ओढ तयार होते. जागेवर उभ्या गाडीत दोन लाटांमधलं अंतर जास्त असतं, म्हणून ओढही जाणवते. फटीतून वायू बाहेर आणि हवा आत, आळीपाळीनं.

आणि ही फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी होती. इथं माझ्या डोक्यात सगळं जुळलं. सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो; तो सिलिंडरमधून आला की फटीतून, हे त्याला कळायचा मार्ग नाही. ऑक्सिजन दिसला की तो इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो, पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. हवा येतच राहते, पेट्रोल वाढतच राहतं. काळा धूर, काजळी, 3.4 टक्के.

हे तपासून पाहायला मल्टिमीटर पुरतो. सेन्सरच्या सिग्नल वायरच्या कनेक्टरमध्ये मागून टाचणी सरकवली, मीटरचं एक टोक तिला, दुसरं इंजिनाच्या अर्थला, आणि मीटर 2 व्होल्टच्या रेंजवर. चांगल्या गाडीत तापल्यानंतर हा आकडा 0.1 ते 0.9 व्होल्टच्या दरम्यान सतत झोके घेतो. आमचा 0.08 ला चिकटून बसला होता. मिस्त्रींनी ॲक्सिलरेटरला झटका दिला, क्षणात 0.8 वर गेला आणि परत खाली. म्हणजे सेन्सर जिवंत आहे, खोटं बोलत नाही, त्याला दिसतंय तेच सांगतोय. मग आरपीएम अडीच हजारांवर धरून ठेवला, तर आकडा हळूहळू झोके घ्यायला लागला. पाय काढला की पुन्हा 0.08. फटीतून येणाऱ्या हवेचा परिणाम जागेवर उभ्या गाडीत जास्त आणि वेगात कमी असतो, ते असं डोळ्यांसमोर दिसलं. मी वर्गात फीडबॅक लूप शिकवते. इतकं चांगलं उदाहरण फळ्यावर कधी काढता आलं नव्हतं.

पण दम का नव्हता? आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट आत्ताच का फुटलं? मिस्त्री मागे गेले आणि ओल्या फडक्यानं सायलेन्सरचं तोंड दाबून धरलं. धड वाट असलेल्या, न गळणाऱ्या नळीत इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. बंद पडलं नाही. सायलेन्सरच्या शिवणीतून फुस्स आवाज आला आणि इंजिन चालत राहिलं. फडकं काढलं तरी बाहेर येणारा झोत लेचापेचाच. इंजिन थंड झाल्यावर आम्ही घरचा व्हॅक्युम क्लीनर आणला, ब्लोअरच्या बाजूची नळी तोंडाला लावून फडक्यानं घट्ट बांधली आणि मॅनिफोल्डच्या फटीवर निरम्याचं पाणी शिंपडलं. तिथं एकही बुडबुडा आला नाही, उलट नळीच माघारी उडायला लागली. हवा पुढे जातच नव्हती.

सायलेन्सर खाली उतरवला. लटकवायची रबरं हातात घेताच तुकडे झाली, तो भाग सोपा होता. सायलेन्सर उभा धरून आपटला तेव्हा त्यातून पिवळट-करडा गाळ पडला, वाळून भुकटी झालेला, त्यात गंजाचे बिस्किटाएवढे तुकडे. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायला एक बारीक भोक असतं. 2023 च्या त्या पहाटे अंगणातलं पाणी त्याच भोकातून वर चढलं, गाळ घेऊन, आणि ओसरताना गाळानंच भोक बुजवलं. उन्हाळ्यानं पाणी आटवलं, गाळ आतच राहिला. मग मी गाडी सुरू केली तेव्हा पुढे वाट तुंबलेली, मागे दाब वाढलेला, आणि आधीच कमजोर झालेल्या गॅस्केटनं तो दाब सोडून दिला. हा शेवटचा धागा मिस्त्रींचा अंदाज. मला पटतो.

सायलेन्सर नसताना कॅटचं मागचं तोंड उघडं पडलं. टॉर्च मारला. जाळीचे चौकोन एकसारखे, कुठं वितळलेले नाहीत, कोपरा तुटलेला नाही. रबरी हातोडीनं ठोकलं, आत काही खुळखुळलं नाही. ब्लोअर आता थेट या तोंडाला लावला आणि मॅनिफोल्डच्या फटीवरचं साबणपाणी फेसाळून उठलं.

दुरुस्तीत खरा वेळ गेला तो नटांत. मिस्त्रींनी सगळ्यांवर डब्ल्यूडी-40 मारून रात्रभर ठेवलं, तरीही दुसऱ्या टोकाचा स्टड, म्हणजे नट बसतो तो आट्यांचा दांडा, तुटलाच. तुटलेला तुकडा ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये. तिथं ड्रिल जरा तिरकं गेलं तर हेडचे आटे जातात, म्हणून आधी बरोबर मधोमध पंच मारून खूण केली, बारीक ड्रिल, मग जरा जाड, मग उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर ठोकून हळूहळू उलटा फिरवला. या अर्ध्या तासात मिस्त्री एक अक्षर बोलले नाहीत आणि बाबांनाही बोलू दिलं नाही. नवे स्टड, तांब्याचा मुलामा दिलेले नट, नवं गॅस्केट. नट मधून कडेकडे, थोडे-थोडे आवळत. शेजाऱ्यांनी सायलेन्सरच्या शिवणीला एम-सील लावायचा सल्ला दिला होता. त्या उष्णतेला ते टिकत नाही. मिस्त्रींच्या मुलानं गॅस वेल्डिंगनं सांधू म्हटलं, पण पत्रा आतून इतका खाल्लेला होता की ज्योत लावली तर भोक मोठं झालं असतं. सायलेन्सर नवाच घेतला. सांध्याला साधं सिलिकॉन लावू दिलं नाही, त्याच्या वाफेनं ऑक्सिजन सेन्सर खराब होतो.

सुरू केल्यावर मीटरवरचा आकडा आधी थोडा वेळ 0.85 च्या आसपास होता, कारण कॉम्प्युटर अजून जुन्या सवयीनं जास्त पेट्रोल देत होता. मग खाली आला, वर गेला, पुन्हा खाली. झोके सुरू झाले.

पीयूसीला जाताना या वेळी आधी रिंग रोडवरून वर्धा रोडला, खापरीपर्यंत जाऊन आले आणि रांग नसेल अशा दुपारच्या वेळी थेट मशीनसमोर गाडी लावली, इंजिन बंद न करता. कार्बन मोनॉक्साइड 0.21. हायड्रोकार्बन 140. ऑक्सिजन 0.6. त्याच मुलानं विचारलं, ‘‘कॅट कुठला टाकला?’’

सकाळचा निळा भपका अजून आहे. मिस्त्री म्हणतात, डिपस्टिक दर महिन्याला पाहा, हजार किलोमीटरला पाव लिटरच्या आत ऑइल लागत असेल तर सीलांसाठी हेड उघडू नोका. त्यांनी पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र बदलायला लावल्या, कारण पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं आणि 2006 च्या नळ्या त्यासाठी केलेल्या नव्हत्या. जुन्या नळीला नखानं दाबलं तर भेग पडत होती. नव्या सायलेन्सरच्या निथळ भोकातून मी पावसाळा संपला की सायकलच्या चाकाची तार घालून बघणार आहे. आणि 2026 मध्ये रजिस्ट्रेशनची मुदत संपते, तेव्हा आरटीओत गाडी मी नेणार की बाबा, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.